पीईचं लायसन्स आलं, पण पगार किती वाढणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री भाच्याचा फोन आला, "मामा, पीईचं लायसन्स आलं." पीई म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअर. मी अभिनंदन केलं, मामीने आतून ओरडून अभिनंदन केलं, तरी हा गप्पच. मग हळूच म्हणाला, "ऑफिसने अडीच टक्के वाढवले. तेवढे तर शेजारच्या टेबलवरच्या पीई नसलेल्या मुलालापण मिळाले. आईला काय सांगू, ती म्हणतेय आता पगार दुप्पट होणार ना." त्या रात्री आम्ही दीड तास बोललो, आणि फोन ठेवल्यावर मला वाटलं की हे एकट्याला सांगून भागणार नाही, कारण हाच प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, इथे अमेरिकेत आलेली आपली मुलं विचारतात आणि तिकडून त्यांचे आईवडील पण विचारतात. म्हणून तुमच्या पेपरला लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण आकडे आणि त्यामागचं कारण तेवढं ठेवा ही विनंती.

मी सिव्हिलवाला, त्यातही स्ट्रक्चरल. टेक्सासमध्ये रस्त्यांवरचे लहान पूल, मोऱ्या, रिटेनिंग वॉल म्हणजे माती अडवणाऱ्या भिंती, अशी कामं करतो. पीईचं लायसन्स मला २०१३ पासून आहे.

आपल्याकडे याची नीट कल्पना नसते आणि त्यात कोणाची चूक नाही. भारतात डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, पण इंजिनिअरने लायसन्स घेतल्याशिवाय इंजिनिअर म्हणून काम करायचं नाही असा देशभर लागू असलेला कायदा नाही. महापालिकेत स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी असते तेवढीच. त्यामुळे घरच्यांना वाटतं की पीई म्हणजे एमई सारखी अजून एक पदवी, झाली की पगाराला जोडायची. तसं नाहीये ते. पीई म्हणजे ड्रॉइंगवर सही करून "हे मी केलंय किंवा माझ्या देखरेखीखाली झालंय, याला मी जबाबदार" असं म्हणायची सरकारी परवानगी. सरकारी म्हणजे राज्य सरकारची, कारण अमेरिकेत हे लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. टेक्सासच्या पीईची सही शेजारच्या ओक्लाहोमात चालत नाही, तिथे परत अर्ज, परत फी. कॅलिफोर्नियात तर सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्व्हेइंग असे दोन जादा पेपर द्यावे लागतात.

रस्ता साधारण असा. आधी एफईची, म्हणजे फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंगची परीक्षा, ११० प्रश्न, ती बहुतेक जण कॉलेजात असतानाच किंवा लगेच नंतर देतात. मग साधारण चार वर्षं पीई असलेल्या माणसाच्या हाताखाली काम, मास्टर्स केलं असेल तर बऱ्याच राज्यांत त्यातलं एक वर्ष धरतात. मग पीईची परीक्षा, सिव्हिलची असेल तर ८० प्रश्न आणि आठ तास. बाहेरच्या देशातली डिग्री असेल तर ती तपासून घ्यायची, वरिष्ठ पीईंच्या शिफारशी गोळा करायच्या, आणि प्रत्येक कामात तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहून द्यायचं. या शेवटच्या गोष्टीत आपली मुलं फार कमी पडतात, "टीमने केलं" असं लिहितात, आणि लायसन्स देणाऱ्या बोर्डाला तर टीमचं नाही तुमचं ऐकायचं असतं. (पगाराच्या बोलणीत पण हीच सवय नडते, ते पुढे येईलच.)

हे लायसन्स आलं कुठून ते सांगतो, कारण पगाराचं उत्तर त्यातच आहे. पहिला कायदा वायोमिंग राज्याने १९०७ मध्ये केला. तिथे पाण्याच्या परवान्यासाठी नकाशे द्यावे लागायचे आणि ते वकील, नोटरी, कोणीही काढून द्यायचे, मग कालवे जमिनीवर एकीकडे आणि कागदावर भलतीकडे. टेक्सासचा कायदा आला तो १९३७ मध्ये. त्या वर्षी १८ मार्चला न्यू लंडन नावाच्या गावात शाळेत गॅसचा स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक सगळी शाळेतली मुलं. वास नसलेला गॅस गळत होता आणि कोणाला कळलं नाही. गॅसमध्ये आज वास मिसळलेला असतो त्यामागे ही घटना आहे, आणि टेक्सासमध्ये इंजिनिअरला लायसन्स लागतं त्यामागेही हीच. म्हणजे लोक मेले म्हणून सरकार म्हणालं की सही कोणाची ते आम्हाला माहीत पाहिजे. कोण हुशार आणि कोणाला जास्त पगार हे ठरवायला हा कायदा झालेला नाही. म्हणून नुसतं लायसन्स हातात आलं की पगार आपोआप उडी मारत नाही, उडी मारतो तो सही करायला लागल्यावर, आणि तेही तुम्ही मागितलंत तर.

आता माझी गोष्ट. मी परीक्षा दिली ऑक्टोबर २०१२ ला. तेव्हा पेन्सिल आणि कागद होता, वर्षातून फक्त दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबर, आणि पुस्तकं न्यायला परवानगी. लोक चाकाच्या सूटकेस ओढत हॉलमध्ये यायचे, मीही आणली होती, प्रत्येक पुस्तकाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. सकाळी चाळीस प्रश्न, दुपारी चाळीस. (सिव्हिलची परीक्षा २०२२ पासून कॉम्प्युटरवर आहे, पुस्तकं बंद, स्क्रीनवर जे हँडबुक देतात तेच.) निकाल डिसेंबरात आला आणि लायसन्स नंबर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला.

माझा पगार तेव्हा वर्षाला ६८ हजार डॉलर होता, तो ७० हजार झाला. मॅनेजरने हात मिळवला, केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथे पगार दर पंधरवड्याला येतो, वर्षाचे २६ चेक. दोन हजाराला २६ ने भागा, टॅक्स काढा, माझ्या चेकमध्ये पन्नास-पंचावन्न डॉलर जास्त दिसले. बायकोने विचारलं किती वाढला, मी विषय बदलला. दोन वर्षं शनिवार-रविवार अभ्यासात गेले होते, मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, तिच्याकडे बघायचं सगळं एकट्या बायकोवर पडलं होतं, तिला पन्नास डॉलर सांगायची हिंमत झाली नाही.

पण खरा धक्का नंतर बसला. जूनमध्ये एका कामाचं इन्व्हॉइस तपासायला माझ्याकडे आलं. त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ग्राहकाला लावायचे ताशी दर पदानुसार ठरलेले होते. इंजिनिअर-इन-ट्रेनिंग, म्हणजे पीई व्हायच्या आधीचा, त्याचा दर ताशी ९२ डॉलर. आणि इंजिनिअर, म्हणजे लायसन्सवाला, त्याचा ११८. माझं नाव लायसन्स आल्याच्या महिन्यापासून ११८ च्या ओळीत होतं. तासाला २६ डॉलर जास्त, वर्षाला अशा बिलाच्या कामाचे सोळाशे तास धरले तरी चाळीस हजाराच्या वर, आणि माझ्याकडे त्यातले आले दोन हजार. मी ते पान कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

कंपनीची बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. कन्सल्टिंग कंपनी माणसाच्या मूळ पगाराच्या साधारण अडीच ते तीन पट ग्राहकाला लावते, तो सगळा नफा नसतो, त्यात ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, आरोग्य विमा, सुट्ट्या, काम मिळवायला घातलेला वेळ आणि चुकीच्या डिझाइनसाठीचा विमा, सगळं येतं. त्यामुळे चाळीस हजार माझेच होते असं मी म्हणत नाही. पण कंपनीला माझ्या लायसन्सची किंमत पहिल्या महिन्यापासून माहीत होती आणि मला जूनपर्यंत नव्हती, हे माझ्या मनात राहिलं. आणि त्यांनी लपवलं पण नव्हतं, मीच कधी विचारलं नव्हतं. आपल्याकडे शिकवलेलं असतं ना, काम चोख करा, लोकांना दिसतंच. दिसतं हो, बिलात दिसतं.

म्हणून भाच्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला, तुझे तास आता कोणत्या पदाच्या दराने लागतात? त्याला माहीत नव्हतं. दुसरा प्रश्न, लायसन्स आल्यावर तुझं काम बदललं का, एखाद्या ड्रॉइंगवर तुझी सही जाते का? तर नाही, काम तेच, सही अजून साहेबांची. मग मी त्याला म्हटलं की अडीच टक्के का मिळाले त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

सही म्हणजे काय हे एकदा जवळून दाखवतो. माझ्या पहिल्या सहीचा ड्रॉइंगचा सेट एका मोरीचा होता, काँक्रीटची बॉक्स, रस्त्याखालून ओढा जाणारी, ३४ पानं. डिझाइन माझंच, ड्रॉइंग दुसऱ्याने काढलेली, तपासणी तिसऱ्याने केलेली, सगळं झालेलं, फक्त शिक्का टाकायचा बाकी होता. पीई नव्हतो तोपर्यंत मी अशा वेळी फाइल पुढे ढकलून घरी गेलो असतो. त्या दिवशी नाही गेलो. सगळे निघून गेल्यावर पहिल्या पानापासून परत सुरू केलं, एका हातात गणिताची वही आणि एका हातात ड्रॉइंग. तोंडाकडच्या भिंतीच्या उभ्या सळ्या गणितात ६ इंचावर होत्या, ड्रॉइंगवर ९ इंचावर. आधीच्या कामातून तपशील कॉपी झाला होता, आणि तो तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटला, कारण बाकी सगळं बरोबर होतं. भिंतीमागे मातीचा दाब, पावसाळ्यात मागे पाणी, आणि सळ्या दोन-तृतीयांशच. लगेच पडली नसती कदाचित, पण एखाद्या पुरात काय झालं असतं ते मला विचार करायचं नव्हतं. दुरुस्त केलं आणि मग शिक्का टाकला, त्यावर माझं नाव आणि माझा नंबर. टेक्सासमध्ये काम पूर्ण झाल्यावर दहा वर्षांपर्यंत इंजिनिअरवर दावा लागू शकतो. तुम्ही नोकरी सोडा, दुसऱ्या गावात जा, सही तिथेच राहते.

इथे प्रत्येक इंजिनिअरला शिकवतात ते कॅन्सस सिटीच्या हॉटेलचं उदाहरण. हयात रीजन्सी, १७ जुलै १९८१, लॉबीच्या वर टांगलेले पादचारी पूल लोकांनी भरलेले आणि ते कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये वरचा आणि खालचा पूल एकाच लांब सळईवर टांगायचे होते. बनवताना सोयीसाठी सळईचे दोन तुकडे केले, खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला लटकवला. कागदावर फरक केवढासा, पण वरच्या पुलाच्या नटावर आता दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. आणि तो बदल असलेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता. मिसुरी राज्याने जबाबदार इंजिनिअरांची लायसन्स काढून घेतली. पगार या जोखमीचा असतो. तुम्ही ती घेत नसाल, तर कंपनीच्या दृष्टीने भिंतीवर अजून एक फ्रेम लागली एवढंच झालं.

म्हणूनच कोणत्या शाखेत आहात त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि हे आधी कोणी सांगत नाही. सिव्हिल, स्ट्रक्चरल, इमारतींची वीज आणि एसीची डिझाइनं, फायर प्रोटेक्शन, पाणी आणि सांडपाणी, अशा कामांत ड्रॉइंग सरकारी खात्यात जातं आणि सही लागतेच, तिथे पीईला खरी किंमत आहे, पीईशिवाय एका पायरीच्या वर जाताच येत नाही. सरकारी खात्यांत तर बऱ्याच वरच्या पदांच्या जाहिरातीतच पीई पाहिजे असं लिहिलेलं असतं. पण कारखान्यात गाडीचे पार्ट डिझाइन करणारा मेकॅनिकलवाला, त्याच्यासाठी बहुतेक राज्यांत कायद्यातच सूट आहे, कंपनीच्या स्वतःच्या मालासाठी सही लागत नाही, तिथे पीईने पगारात फार फरक पडत नाही. सॉफ्टवेअरसाठीसुद्धा २०१३ मध्ये पीईची परीक्षा सुरू केली होती, द्यायला माणसंच येईनात म्हणून २०१९ नंतर बंद केली. तेव्हा कॉम्प्युटरवाल्या मुलाच्या वडिलांनी मला पीईबद्दल विचारलं की मी स्पष्ट सांगतो, काका, त्याच्या कामात याचा उपयोग नाही, तो वेळ दुसऱ्या कशात घालवू दे.

आकडा तरी सांगा, असं लोक म्हणतात. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये सिव्हिल इंजिनिअरचा मधला पगार वर्षाला ९९,५९० डॉलर होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. यात पीई असलेले नसलेले, नवे जुने सगळे आले. कृपा करून याला रुपयाच्या भावाने गुणू नका. गुणलं की मोठा आकडा येतो आणि मग मुलाने घरभाडं, विमा, पाळणाघर भरून काय उरलं ते सांगितलं की तो खोटं बोलतोय असं वाटायला लागतं. राज्याराज्यांतही फरक आहे, टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, कॅलिफोर्नियात आहे आणि घरं पण महाग, तेव्हा तिथला मोठा आकडा बघून इथल्याने हळहळू नये.

त्यापेक्षा आपल्या गावातला आणि आपल्या कामाचा दर शोधा, आता ते आधीइतकं अवघड नाही. कोलोरॅडोत २०२१ पासून, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात २०२३ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची रेंज द्यावी लागते, न्यूयॉर्कमध्येही तसा कायदा आहे. भाचा कोलोरॅडोतच, डेन्व्हरला आहे, त्याला म्हटलं, तुझ्याच कंपनीची पीई मागणारी जाहिरात उघड आणि खालची ओळ वाच. फोन चालू असताना त्याने उघडली. त्याच्याच ऑफिसातली, त्याच्याच अनुभवाची जागा, आणि रेंजचा सगळ्यात खालचा आकडा त्याच्या वाढलेल्या पगारापेक्षा नऊ हजाराने जास्त. पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. दर शोधायची दुसरी जागा म्हणजे एच-वन-बी व्हिसाचे अर्ज, कंपनी बाहेरच्या देशातल्या माणसाला घेताना कामगार खात्याला पगार लिहून देते आणि ती सगळी यादी खातं जाहीर करतं, कंपनी, गाव, पद, पगार, सगळं. आपली मुलं व्हिसाच्या भीतीने गप्प बसतात आणि ज्या कागदामुळे भीती वाटते त्यातच त्यांच्या कामाची माहिती पडलेली असते.

व्हिसाच्या भीतीबद्दल मी हलकं बोलणार नाही, मी स्वतः त्यातून गेलोय. पगार मागितला तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, हे डोक्यात असताना माणूस तोंड उघडत नाही. पण पगाराबद्दल विचारणं आणि राजीनाम्याची धमकी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण दोन्ही एकच समजतो. इथल्या मॅनेजरला पगाराबद्दल विचारलं की राग येत नाही, निदान मी ज्यांच्याकडे काम केलं त्यांना आला नाही. दुसरीकडची ऑफर घेऊन टेबलवर आपटायची मात्र तेव्हाच, जेव्हा खरंच जायची तयारी असेल.

मी त्या जूननंतर तीन आठवडे तयारी केली आणि मॅनेजरकडे गेलो. इन्व्हॉइसचा उल्लेख केला नाही, कारण तो त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. एवढंच म्हणालो की मला सहीची कामं हवीत, पुढच्या दोन मोऱ्या आणि एक भिंत मी सही करून देतो, तपासणीला तुम्ही बसा, आणि ती झाली की पद आणि पगार दोन्हीवर परत बोलूया, ते केव्हा तेही आत्ताच ठरवूया. ते म्हणाले जानेवारी. जानेवारीत ते बोलणं झालं आणि पगार ८४ हजार झाला. तोच माणूस, तेच लायसन्स, मधे एक वर्ष गेलं आणि तीन सेटवर माझी सही गेली होती.

म्हणून माझं म्हणणं, हे बोलणं निकाल आल्यावर नाही, परीक्षेला बसायच्या आधीच सुरू करा. पीई झाल्यावर माझं पद काय होईल, सही कोणती मिळेल, पगाराचा वेगळा विचार होईल की वर्षाच्या नेहमीच्या वाढीतच धरतील, परीक्षेची फी आणि क्लासचे पैसे कोण देणार, हे आधी विचारलेलं कोणाला खटकत नाही. आणि उत्तर ईमेलवर घ्या. बऱ्याच कंपन्या एकदाच बोनस देतात आणि पगार तसाच ठेवतात, बोनस घ्या, पण त्याला पगारवाढ समजू नका, पुढची प्रत्येक वाढ मूळ पगारावर होते.

एक इशारा मात्र मनापासून देतो. लायसन्स आल्याआल्या ओळखीतून फोन येतात. मला आला होता, मागच्या अंगणात छप्पर घालायचंय, ड्रॉइंग तयार आहे, फक्त शिक्का मार, तीनशे डॉलर देतो. पगार कमी वाढलेला असतो, मन खट्टू असतं, आणि तीनशे डॉलर बरे वाटतात. करू नका. जे काम तुमच्या देखरेखीखाली झालेलं नाही त्यावर शिक्का मारणं नियमाविरुद्ध आहे, कंपनीचा विमा बाहेरच्या कामाला लागू होत नाही, आणि टेक्सासचं बोर्ड कारवाई झालेल्यांची नावं जाहीर करतं. जे लायसन्स मिळवायला चार वर्षं लागली ते एका छपरासाठी जाऊ शकतं.

आणि खर्च पण असतोच, लायसन्सचं नूतनीकरण, टेक्सासमध्ये दरवर्षी १५ तासांचं शिक्षण, त्यातला एक तास नीतिनियमांचा. दोन-तीन राज्यांची लायसन्स झाली की हे सगळं वाढतं. कंपनी भरते का ते विचारा, चांगल्या कंपन्या भरतात.

संपादकसाहेब, एक विनंती तुमच्याकडेही आहे. परदेशातल्या नोकऱ्यांच्या बातम्यांत पॅकेजचा आकडा ठळक अक्षरात असतो आणि काम काय, जबाबदारी काय, ते गाव किती महाग, याचा पत्ता नसतो. तो आकडा वाचून आया मुलांना फोन करतात. माझ्या बहिणीनेही तुमच्याच पेपरातलं कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं आणि भाच्याला त्या रात्री आनंद झाला नाही त्याला ते कात्रणही थोडं कारण होतं. आकड्याखाली कामाच्या चार ओळी छापल्यात तर फार बरं होईल. बहिणीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तिला म्हटलं, ताई, किती वाढला विचारू नकोस, सही केलीस का ते विचार. ती म्हणाली, कसली सही? मग तिला ती सळ्यांची गोष्ट सांगितली. ती पूर्ण ऐकली तिने, आणि म्हणाली, म्हणजे याच्या सहीवर लोक पुलावरून जाणार? मी म्हटलं हो. त्यानंतर तिने पगाराचं काही विचारलं नाही, जेवतो का वेळेवर एवढंच विचारलं.

भाच्याची मॅनेजरबरोबरची मीटिंग येत्या गुरुवारी आहे. त्याने दोन कागद काढलेत, एकावर कंपनीचीच जाहिरात आणि दुसऱ्यावर गेल्या दोन वर्षांत त्याने स्वतः केलेल्या डिझाइनची यादी, ज्यात एकदाही "टीमने" असं लिहिलेलं नाही, मी तीनदा खोडून लिहायला लावलं.

आपला नम्र,
एक वाचक, टेक्सास
(नाव छापू नये ही विनंती)